अठरा रकाने आणि एकतीस म्हशी

सकाळी सातच्या एस.टी.नं पलूस सोडलं तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, दशम्यांचा डबा, एका डोळ्याची दुर्बीण आणि अठरा रकान्यांचा छापील नमुना एवढं सामान होतं. दुर्बीण मुळात दोन डोळ्यांचीच होती; पण ज्यांनी ती पाठवली त्यांच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून तिच्या उजव्या नळीत बुरशी धरली होती. त्यामुळे या प्रवासात मी जे काही पाहिलं ते डाव्या डोळ्यानं पाहिलं.

ज्या दोन तलावांविषयी मी लिहिणार आहे त्यांची नावं सांगणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. वाचकांनी रागावू नये. पहिल्या वर्षी कुणी विचारलं तर मी म्हणत असे की नाव फुटलं की बंदूकवाले हौशी लोक जीप घेऊन पोचतात. ते खोटं नव्हतं. पण आता कारण वेगळं आहे, आणि ते ओघानं येईलच.

मी पलूसच्या हायस्कुलात शास्त्र शिकवतो. गावच्या साप्ताहिकात मी एकदा चिमण्यांवर लेख लिहिला होता, आणि तेवढ्यावरून पुण्याच्या एका पक्षिमित्र मंडळानं मला तज्ज्ञ ठरवलं. मंडळाच्या चिटणिसांचं पत्र आलं. आजवर लोकांनी पक्ष्यांवर नुसतं प्रेम केलं, आता ते शास्त्रशुद्ध रीतीनं करायचं आहे, असं त्यात होतं. वडूजच्या पूर्वेला दुष्काळी कामावर इंग्रजांनी बांधलेला एक तलाव आहे. तिथं हिवाळ्यात दूरदेशचे पक्षी उतरतात. सोबत धाडलेल्या दुर्बिणीनं ते मोजायचे, तलावाची पाहणी करायची आणि सोबतचा नमुना भरून धाडायचा. त्यावरून तो तलाव पक्ष्यांसाठी राखीव करायचा की नाही ते ठरणार होतं.

"घरातले तांदूळ निवडा म्हटलं तर तुमचे डोळे दुखतात," आमची मंडळी डबा बांधताना म्हणाली, "आणि पाखरं मोजायला निघालात जिल्हा ओलांडून!"

मी नमुना वाचण्यात गढलो होतो. मला छापील नमुन्यांविषयी पहिल्यापासून आदर आहे. तोवर चौदा वर्षं मी पोरांकडून एकच गोष्ट घोकून घेत आलो होतो: रकाना रिकामा सोडायचा नाही. माहिती नसेल तर 'नाही' लिहा, शून्य लिहा, पण जागा कोरी दिसली की मी गुण कापणार. माझ्या हाताखालून गेलेली पोरं तलाठी झाली, कारकून झाली, आणि सगळी रकाने भरण्यात तरबेज निघाली. त्याचा मला फार अभिमान होता.

विट्याला गाडी बदलली. शेजारी एक फेटेवाले म्हातारबा येऊन बसले. त्यांनी माझ्या गळ्यातली दुर्बीण बोटानं टिचकी मारून पाहिली.

"काय काम काढलंसा, गुरुजी?"

"तलावावरची पाखरं मोजायची आहेत."

"मोजून कुनाला द्यायची?"

"द्यायची नाहीत. मोजून लिहून ठेवायचं."

"मंग तवर ती बसून ऱ्हात्यात व्हय?"

"नाही. उन्हाळा लागला की उडून जातात."

म्हातारबांनी थोडा विचार केला आणि चंची सोडली. "सरकारी काम दिसतंय," ते म्हणाले आणि तंबाखू मळू लागले.

विटा मागं पडलं तशी हिरवी रानं संपली. दोन्ही बाजूंना बोडके माळ, मध्येच कुसळात तोंड घालून चाललेली मेंढरं आणि पाण्याविना खुरटलेली ज्वारी. त्या वर्षी पाऊस दडी मारून बसला होता. रेशनवर मिलो (परदेशातून आलेली तांबडी ज्वारी) मिळत होती. तिची भाकरी थापताना मोडायची आणि खाताना मोडायची नाही.

वडूजला पंचायत समितीच्या सभापतींना भेटायचं होतं. पंचायत समित्या तेव्हा नव्या निघालेल्या होत्या आणि सभापतीही नवे होते. कडक इस्त्रीची टोपी, तसाच सदरा. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. त्यांच्या टेबलावर एक कागद अंथरला होता आणि त्यावर निळ्या शाईनं एक कमान काढलेली होती.

"ही बगा कमान," ते म्हणाले. "तलाव राखीव झाला की हितनं आत शिरायचं. चारी बाजूंनी काटेरी तार. वर पाटी. पाटीवर माझं नाव बारीक असलं तरी चालंल."

"आधी पाहणी करतो," मी म्हणालो.

"करा की. तुमच्या रिपोर्टाशिवाय आमी पाऊल टाकनार न्हाई. शास्त्रशुद्ध काम हाय हे. म्हशींचा लय तरास हाय बगा पाखरांस्नी."

"ते मोजल्यावर कळेल."

"मोजा की. पर म्हशींचा तरास हाय."

त्यांनी जेवायला ठेवून घेतलं. आमच्या घराण्यात मांसमच्छी चालत नाही हे मला पाटावर बसल्यावर सांगावं लागलं, कारण ताट पुढ्यात आलं आणि वास आला. भाऊसाहेबांना मनापासून वाईट वाटलं. "आरारा! आवं, तुमच्यासाठी मुद्दाम तळ्यावरनं चार बदकं आनली व्हती," ते म्हणाले. माझ्यापुढं पिठलं आलं. बदकांचा समाचार भाऊसाहेबांनी, एका ओव्हरसियरनं आणि समितीच्या दोन सदस्यांनी घेतला. हात धुवायला परसात गेलो तेव्हा पिसांचा ढीग दिसला. पिसांवरून ओळखलं, थापट्या बदकं (चमच्यासारख्या रुंद चोचीची). गणना सुरू होण्याआधीच चार पक्षी वजा झाले होते. नमुन्यात 'पक्ष्यांना उपद्रव करणारी गुरे' असा अकरावा रकाना होता आणि 'उपद्रव करणारी शेती' असा बारावा. उपद्रव करणारे सभापती, असा रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपनं मला तलावावर सोडलं. गावच्या शाळेच्या खोलीत माझा मुक्काम ठरला होता, पण मी वळकटी तिथं टाकून तसाच बांधावर चढलो आणि क्षणभर सगळे रकाने विसरलो. इतका वेळ पाहिलेल्या करड्या मुलखात हे निळं पाणी कुणी आणून ओतलं, तेच कळेना. पश्चिमेकडच्या उथळ अंगाला पाणी मागं सरलेलं होतं आणि त्या ओल्या गाळावर शेकडो पाखरं चरत होती. लांब तांबड्या पायांचे शेकाटे, सारखे शेपटी हलवणारे तुतवार आणि त्यांच्या मागं हरभऱ्याच्या हिरव्या तुकड्याच्या कडेला राखी रंगाचे करकोचे (बगळ्याहून उंच, माना ताठ धरून चालणारे). मी डावा डोळा दुर्बिणीला लावला. करकोच्यांच्या पायांमध्ये काळे धोंडे दिसले. त्यातल्या एका धोंड्यानं कान हलवला तेव्हा कळलं, त्या म्हशी होत्या.

जवळून पाहावं म्हणून मी बांध उतरलो आणि सरळ रेषेत निघालो. शास्त्राच्या माणसाला सरळ रेषेचा मोह फार. पंधरा पावलांवर गाळात मांडीपर्यंत गेलो, आणखी दोन पावलांवर कंबरेपर्यंत. दुर्बीण डोक्यावर धरून उभा होतो, तेवढ्यात मागून हाक आली.

"आवं गुरुजी, हालू नगा! हिकडं म्हशीची वाट हाय. तिच्या खुरात पाय ठिवत या. म्हस बुडंल असल्या जाग्यात पाय देत न्हाई."

पन्नाशीची एक उंच बाई काठी पुढं करून उभी होती. त्या काठीला धरून आणि म्हशीच्या खुरांच्या ठशांवर पावलं टाकत मी बाहेर आलो. कंबरेखाली मीही म्हशीच्याच रंगाचा झालो होतो. "जय भीम," ती हसू दाबत म्हणाली. मी घाईनं "नमस्कार, नमस्कार" म्हणालो.

तिचं नाव अनुसया कांबळे. मालक वारलेले, मुलगा फौजेत, सून आणि ती अशा दोघी घरी. चार म्हशी तिच्या. वस्तीच्या आणि गावाच्या मिळून त्या अंगाला एकतीस उतरत. हरभऱ्याचा तो तुकडाही तिचाच. ती गाळपेर होती (तलावाचं पाणी सरेल तशी उघड्या पडलेल्या गाळात केलेली पेरणी). पाटबंधारे खात्याकडून वर्षावर्षाच्या करारानं तो तुकडा मिळे, आणि त्या दुष्काळात अख्ख्या वस्तीत मिलोशिवाय दुसरं काही शिजत असेल तर ते त्या गाळावरचं.

"पाखरं हरभरा खातात ना तुमचा?" मी विचारलं.

"खात्यात की. हाकललं तर सगळ्या वाफ्यात घुसत्यात. म्हनून पान्याकडल्या चार सऱ्या त्यांस्नी सोडल्यात. तितं पोट भरलं की वर येत न्हाईत."

"किती करकोचे आहेत, काही अंदाज?"

"अंदाज कशाला? रोज मोजती मी. किती खानार ते कळाय नगो?" असं म्हणून तिनं तिथल्या तिथं मोजायला सुरुवात केली. धान्य मापताना आमच्याकडं पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. तसंच तिनं केलं. "लाभ, दोन, तीन..." विसाला पोचली की एक खडा या मुठीतून त्या मुठीत. शेवटी म्हणाली, "चार ईसा आन् सात." म्हणजे सत्त्याऐंशी. मी तीनदा मोजलं. पहिल्यांदा एकोणऐंशी आले, मग ब्याण्णव, आणि तिसऱ्यांदा सत्त्याऐंशी. तिसरा आकडा मी वहीत लिहिला आणि तिला सांगितलं नाही.

चार दिवस मी सकाळ-संध्याकाळ मोजत राहिलो. तलावाचे चार भाग पाडले आणि प्रत्येकाचं वेगळं पान केलं. दुसऱ्या दिवशीच एक गोष्ट नजरेत भरू लागली. पूर्वेला खात्याच्या बंगल्यासमोर तलावाच्या काठाचा एक तुकडा बागेसाठी म्हणून ओव्हरसियरनं पूर्वीच तारेनं वेढून ठेवला होता. बाग काही झाली नाही. पण गुरांना आत जाता येत नसल्यामुळे तिथं लव्हाळा छातीएवढा माजला होता. त्या पानावर चार दिवसांत माझ्या हातून दोन टिबुकल्या (सारखे बुडी मारणारे लहान पाणपक्षी) लिहिल्या गेल्या. उलट म्हशींच्या अंगाचं पान भरून समासात लिहावं लागलं.

"असं का होत असेल?" मी अनुसयाबाईंना विचारलं.

"असं का म्हंजे? म्हस गवात खाती, जागा उगडी ऱ्हाती. खुरानं चिखुल मळती, त्यात किडं हुत्यात. शेनात बी हुत्यात. पाखराच्या चोचीला मऊ चिखुल लागतो, गुरुजी. दगडावर चोच मारून काय गावनार?"

मी शास्त्राचा मास्तर. नुसत्या म्हणण्यावर कसा विश्वास ठेवणार? प्रयोग करायचं ठरवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हशी पश्चिमेऐवजी दक्षिणेच्या अंगाला बसवायची विनंती केली. बाईंनी वस्तीवरच्या चार घरांना बोलावून हसत हसत एकतीस म्हशी तिकडं नेल्या. दुपारपर्यंत काही झालं नाही. चार वाजता तुतवार गेले. त्यांच्या मागोमाग शेकाटे गेले. सूर्य कलता कलता दक्षिणेचा काठ पाखरांनी भरला, आणि मी बांधावर एकटाच टाळ्या वाजवल्या. खरं सांगतो, कॉलेज सोडल्यापासून शास्त्रानं मला एवढा आनंद दिला नव्हता.

त्या संध्याकाळी मी बाईंच्या घरी जेवलो. आमच्या वाईच्या आजोबांना हे कळलं असतं तर त्यांनी काय केलं असतं याचा विचार दाराशी क्षणभर मनात आला, आणि त्याची मला तिथंच लाज वाटली. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली फौजी पोशाखातला मुलाचा फोटो. जेवायला मिलोची भाकरी, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि वाडगाभर ताक. ती भाजी मी दोनदा मागून घेतली.

"धा वर्सं झाली आमी बुद्ध झालो त्याला," बाई चुलीपुढून म्हणाल्या. "तवापतुर गावाची मेलेली गुरं वढायचो. ती सोडली, आन् त्याच वर्सी आमच्या मालकांनी पैली जिती म्हस आनली. गावात वाजत गाजत आनली. चार म्हशी त्या एकीच्या पोटच्या." मग त्यांनी सरळ विचारलं, "गुरुजी, गावात बोलत्यात. पाखरासाठी आमच्या म्हशी हाकलनार म्हनं? गाळपेर बी बंद?"

"अहो, चार दिवस मोजतो कशासाठी? म्हशी गेल्या तर पाखरं जातील. जे पाहिलं तेच मी लिहीन."

"लिवा मंग. तुमी लिवलं की झालं."

परत निघण्याआधी मी शाळेच्या खोलीत नमुना भरायला बसलो. दहा रकाने सुरळीत गेले. अकराव्याशी थांबलो. 'पक्ष्यांना उपद्रव करणारी गुरे (संख्या).' म्हशी उपद्रव करत नव्हत्या. उपकार करत होत्या, आणि उपकाराला रकाना नव्हता. शून्य लिहावं, तर तलावावर एकतीस म्हशी असताना त्या नाहीतच असं दिसणार. रिकामा सोडावा, तर चौदा वर्षांची शिकवण आडवी आली. शेवटी मी अकराव्यात '३१' लिहिलं, बाराव्यात शेतीचे एकर लिहिले, आणि नमुना पालथा करून पाठीमागं बारीक अक्षरात सगळी बाजू भरेल एवढा खुलासा केला. म्हशी का हव्यात, गाळपेर का हवी, प्रयोग कसा केला, सगळं लिहिलं. खाली झोकदार सही ठोकली. इतका पूर्ण नमुना मंडळाकडं दुसरा गेला नसेल, या समाधानात पलूस गाठलं.

दीड महिन्यानं चिटणिसांचं पत्र आलं. 'आपण नमुना अत्यंत सुवाच्य भरला याबद्दल आभार. उपद्रवी गुरांची संख्या स्पष्ट मिळाल्याने निर्णय घेणे सोपे गेले. पाठीमागील मजकूर नमुन्यात बसत नसल्याने विचारात घेता आला नाही.' सोबत मला मंडळाचं सन्माननीय सभासदत्व दिल्याचा कागद होता.

मी तीन पत्रं लिहिली. पहिल्याला पोच आली. दुसऱ्याला, विषय संबंधितांकडे पाठवला आहे, असं उत्तर आलं. तिसऱ्याच्या उत्तरात पुढच्या वर्षीचे कोरे नमुने आले. मी स्वतः उठून वडूजला जायला हवं होतं. परीक्षा आल्या, मग सुटी लागली, मग शाळा सुरू झाली. ही कारणं लिहितानाच मला ती किती हलकी आहेत ते दिसतं.

पुढच्या जानेवारीत पुन्हा तीच गाडी, तेच विटा आणि तोच बोडका माळ. तलावावर पोचलो तर निळ्या शाईतली कमान चुन्याविटांत उभी होती. वर पाटी: 'येथे पक्ष्यांना त्रास देऊ नये.' सभापतींचं नाव खरंच बारीक होतं, पण तीन ठिकाणी होतं. चारी बाजूंनी काटेरी तार, आणि तारेच्या आत छातीएवढा लव्हाळा. पाणी दिसायला मला कमानीच्या कट्ट्यावर चढावं लागलं. हरभऱ्याचा तुकडा कुठं होता तेही ओळखू येईना.

भाऊसाहेब जीपमधून उतरले. "बगा गुरुजी! एक तरी म्हस दिसती का?"

"नाही. पाखरूही दिसत नाही."

"येतील की. त्यांस्नी अजून कळलं नसंल, राखीव झाल्याचं."

मी दिवसभर मोजलं. टिबुकल्या दोन. कदाचित मागच्या वर्षीच्याच असतील. भाऊसाहेबांची जीप गेल्यावर कुंपणाचा राखणदार म्हणून नेमलेला गावातलाच एक म्हातारा जवळ आला आणि आजूबाजूला कुणी नसताना कुजबुजला, "कांबळ्यांची अनशी भावाकडं गेली, गुरुजी. हद्दीपलीकडं, तीन कोसावर. तितं ल्हान तळं हाय." मग आणखी आवाज उतरवून म्हणाला, "पाखरं बी तिकडंच गेल्यात. पर माझं नाव सांगू नगा. मी पाखरं राखायच्या नोकरीत हाय."

दुसऱ्या दिवशी पायी निघालो. वाटेत जिल्ह्याच्या हद्दीचा दगड लागला. अलीकडं सातारा, पलीकडं सांगली. इतके पक्षी कुणाची परवानगी न घेता जिल्हा सोडून गेले होते. एका टेकडाला वळसा घातला आणि आधी आवाज कानावर आला. करकोच्यांचा तो घुमणारा कलकलाट एकदा ऐकला की माणूस विसरत नाही. खाली एक लहानसं गढूळ तळं होतं, काठ चिखलानं मळलेला, चिखलात गावच्या म्हशी, आणि म्हशींभोवती ते सगळे. शेकाटे, तुतवार, करकोचे. मी दुर्बीण डोळ्याला लावली. आणि त्याच वेळी काठावर बसलेली उंच बाई दिसली, तेव्हा दुर्बीण खाली घेतली.

"या गुरुजी. जय भीम."

"जय भीम, बाई," मी म्हणालो. वर्षभर उशिरा म्हणालो.

तिच्या पुढ्यात दोनच म्हशी होत्या.

"आणखी दोन कुठं आहेत?"

"इकल्या. भावाच्या गोठ्यात चार मावंनात. गाळपेर गेली, तवा वैरन कुठनं आनू? तारंच्या आदल्या दिशी नोटीस आली, दुसऱ्या दिशी तार आली."

"माझ्यामुळं झालं हे."

"मंग कुनामुळं?" ती शांतपणे म्हणाली. नाही, तुमच्यामुळं नाही, असं काही ती म्हणेल अशी माझी कुठंतरी आशा होती. ती तिनं ठेवली नाही.

"मी लिहिलं होतं, बाई. कागदाच्या मागच्या बाजूला सगळं लिहिलं होतं. म्हशी हव्यात, गाळपेर हवी, सगळं."

"म्होरं काय लिवलं?"

"पुढं... एकतीस."

"कागुद पालथा करून कोन बगतं व्हय, गुरुजी? तुमी मास्तर. तुमाला ठावं न्हाई?"

मला ठाऊक होतं. इतक्या वर्षांत कुणा पोरानं उत्तर पाठीमागं लिहिलं तर मी कधी पान उलटलेलं नाही. उलट जागा सोडून लिहिलं म्हणून गुण कापले आहेत. एक शेकाटा माझ्यापासून दहा हातांवर चिखल टोचत होता. माझी त्याला काही भीती वाटत नव्हती. तेवढं शहाणपण त्याला नव्हतं.

"आलाच हायसा तर मोजा," ती शेवटी म्हणाली. "त्यासाठीच आलासा न्हवं?"

आम्ही दोघांनी मिळून मोजले. तिनं खडे घेतले, मी बोटं घेतली. मी 'एक' म्हणून सुरुवात केली तशी ती खेकसली, "लाभ म्हना!" मी लाभ म्हटलं. करकोचे पाच ईसा आणि अकरा भरले. माझा आणि तिचा आकडा पहिल्या खेपेला जुळला.

मी वही बंद करतोय तोवर तिनं विचारलं, "हे बी लिवनार? ह्या तळ्याचं नाव?"

"नमुन्यात पहिलाच रकाना तो आहे."

"मंग हितं बी तार येनार," ती म्हणाली. ती विचारत नव्हती. माझ्याकडं बघतही नव्हती. म्हशींकडं बघत होती. "हितनं म्होरं भाऊ न्हाई मला, गुरुजी."

परतीच्या एस.टी.त मी गुडघ्यावर नमुना ठेवला. जुन्या तलावाचा नमुना आधी भरला. पक्षी: टिबुकल्या दोन. गुरे: शून्य. या वेळी पालथं काही लिहिलं नाही. लाल शाईच्या पेनानं नमुन्याच्या तोंडावर, छापील अक्षरांवरून आडवं लिहिलं, 'म्हशी काढल्या म्हणून पक्षी गेले. तार काढा.' पोरांच्या वहीवर शेरा लिहितो तेवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं, म्हणजे ते वाचण्यासाठी कुणाला पान उलटावं लागू नये.

मग दुसरा नमुना घेतला. पक्ष्यांच्या जाती लिहिल्या, आकडे लिहिले, वेळ लिहिली, चिखलाची खोली लिहिली. अकराव्या रकान्यातले 'उपद्रव करणारी' हे शब्द खोडून तिथं 'उपयोगी' असं लिहिलं आणि पुढं म्हशींचा आकडा घातला. राहिला पहिला रकाना: तलावाचे नाव, गाव, तालुका. ठिकाणाशिवाय आकड्याला शास्त्रात किंमत नाही, हे मीच नववीच्या वर्गात फळ्यावर लिहितो. गाडी विट्याला थांबली, सुटली, तासगावच्या वाटेला लागली. पेन उघडंच होतं. पलूस आलं तेव्हा मी त्याचं टोपण लावलं आणि उतरलो.

घरी मंडळीनं विचारलं, "मिळाली का पाखरं?"

"मिळाली."

"कुठं?"

"ते सांगत नाही."

तिनं माझ्याकडं जरा निरखून पाहिलं आणि पाणी तापवायला गेली.

जुन्या तलावाची तार अजून आहे. विषय संबंधितांकडे गेलेला आहे. दर वर्षी मी लाल शाईत तेच लिहून पाठवतो, आणि आता दोनदा वडूजलाही जाऊन आलो. भाऊसाहेब चहा देतात. नेमकी माहिती माझ्या वहीत तारीखवार, नावगावासकट लिहिलेली आहे. ती मंडळाचीच आहे, शास्त्राचीच आहे. ज्या दिवशी मंडळात पान उलटणारा माणूस बसेल त्या दिवशी वही घेऊन मी स्वतः पुण्याला जाईन.

पहिला रकाना कोरा ठेवून धाडलेला दुसरा नमुना मात्र चिटणिसांनी परत पाठवला. पहिल्या रकान्याभोवती त्यांनी लाल पेन्सिलीनं गोल केला होता आणि बाजूला एकच शब्द लिहिला होता: 'अपूर्ण'. इतकी वर्षं हा शब्द मी दुसऱ्यांच्या कागदावर लिहीत आलो, माझ्या कागदावर तो पहिल्यांदाच पडला. तो कागद मी शाळेच्या माझ्या कपाटात आतल्या बाजूनं चिकटवून ठेवला आहे. तिथं आधी चिकटवलेला सन्माननीय सभासदत्वाचा कागद त्याच्याखाली गेला. तो आता दिसत नाही.